पळसबोडीच्या बावीस कुप्या

“मग चूक कोणाची, बाई?”

रामटेके बाईंनी कीबोर्ड उलटा धरून टेबलावर हलकेच आपटला. बिस्किटाचा चुरा पडला. तो त्यांनी हातानं गोळा केला.

“तुला कोणाची हवी आहे?”

निनाद देवतळेनं बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

तेरा वर्षांपूर्वी तो तंत्रनिकेतनात बाईंचा विद्यार्थी होता. नंतर तो पुण्याला गेला, मग परदेशी. पीएचडी झाली, नावापुढे डॉक्टर लागलं. परत येऊन तो पुण्यात एका कंपनीत लागला. बाई निवृत्त झाल्या. आता त्या गावच्या वाचनालयामागच्या खोलीत सहा जुने संगणक लावून बसतात आणि जो येईल त्याला शिकवतात.

निनाद पुण्याहून निघाला तो घरी न जाता थेट बाईंकडे आला होता. बॅग अजून खांद्यावरच होती.

“काय झालं ते सांग आधी,” बाई म्हणाल्या.

त्यानं सांगितलं.

सर्पदंशाचा अंदाज बांधणारं एक नोटबुक त्यानं केलं होतं. नोटबुक म्हणजे संगणकाच्या स्क्रीनवरची वही. चौकटीत कोड लिहायचा, बटण दाबायचं, उत्तर त्या चौकटीखालीच उमटतं. निनादच्या वहीत आठ वर्षांच्या नोंदी होत्या: कोणत्या गावात कोणत्या महिन्यात किती जणांना साप चावला, तेव्हा रोवणी चालू होती की कापणी. त्यावरून वही सांगायची, की कोणत्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरच्या औषधाच्या किती कुप्या ठेवायला हव्यात.

सोनपारच्या ग्रामीण रुग्णालयात मंजूषा गेडाम औषधनिर्माण अधिकारी होत्या. आसपासच्या सात केंद्रांना औषध त्याच पाठवत. निनादनं मे महिन्यात वही त्यांच्याकडे पाठवली. त्यांनी ती आपल्या संगणकावर चालवली आणि जे आकडे आले त्याप्रमाणे कुप्या वाटल्या.

जुलैत पळसबोडीच्या सीताबाई मडावींना मण्यार चावली. सीताबाई शाळेत मुलांची खिचडी शिजवतात. पहाटे घरात जमिनीवर निजलेल्या होत्या.

पळसबोडीच्या केंद्रात चार कुप्या निघाल्या. सुरुवातीलाच दहा लागतात.

चार दिल्या आणि सीताबाईंना गाडीत घातलं. सोनपार चौतीस किलोमीटर. अर्ध्या वाटेवर त्यांचा श्वास थांबला. गाडीतली नर्स सोनपार येईपर्यंत हातानं रबरी फुगा दाबत त्यांना श्वास देत राहिली. पुढचे नऊ दिवस सीताबाई व्हेंटिलेटरवर होत्या.

वाचल्या.

“माझ्या वहीनं पळसबोडीला बावीस सांगितल्या होत्या, बाई. बावीस. आणि मंजूषा मॅडम म्हणतात, त्यांच्या स्क्रीनवर चारच आल्या. म्हणजे त्यांनी काहीतरी चुकीचं दाबलं.”

“काय दाबलं?”

“ते मला काय माहीत? माझ्या मशीनवर बरोबर चालतं.”

बाईंनी कीबोर्ड सरळ केला आणि त्याच्यापुढे सरकवला.

“माझ्या मशीनवर चालव.”

निनादनं बॅग खाली ठेवली. वही बाईंच्या संगणकावर घेतली, बटण दाबलं. तिसऱ्याच चौकटीखाली लाल अक्षरं उमटली. वही पुढे जाईना. अशी वही दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड उसना घेते; त्या संचाला लायब्ररी म्हणतात.

“तुमच्याकडची लायब्ररी नवी आहे,” तो म्हणाला. “मी वापरलेली एक आज्ञा नव्या आवृत्तीत काढून टाकलीय.”

“आणि मंजूषाकडची?”

“जुनी असणार. म्हणून तिथे चालतं. पण...”

“पण चार येतात.”

“हो.”

“तुझ्याकडे बावीस, तिच्याकडे चार. माझ्याकडे काहीच नाही.” बाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. “मला माझं मशीन बरं वाटतं.”

“का?”

“त्याला जमलं नाही, तर त्यानं तसं सांगितलं तरी.”

निनाद थोडा हसला. मग खुर्ची पुढे ओढून बसला, सभेत बोलायला बसतात तसा.

“यावर उपाय आहे, बाई. कंटेनर. म्हणजे संगणकाच्या आत एक बंद खोली करायची. त्या खोलीत काय काय हवं, कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, याची यादी आधी लिहून ठेवायची. मग त्या यादीवरून कुठल्याही मशीनवर हुबेहूब तीच खोली उभी राहते. वही त्या खोलीत चालवायची. बाहेरचं मशीन जुनं असो की नवं, आत फरक पडत नाही. आमच्या कंपनीत अशा हजारो खोल्या चालतात.”

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“मग तुझी वही अशा खोलीत का नाही?”

“ते काम दुसऱ्या टीमचं असतं. मी मॉडेल बांधतो.”

“दुसरी टीम आज आलेली नाही,” बाई म्हणाल्या.

निनादनं बाह्या वर सारल्या. यादी लिहायला त्याला अर्धा तास लागला. त्याच्या लॅपटॉपवर जे होतं तेच सगळं, त्याच आवृत्त्यांचं. खोली उभी राहिली. वही आत उघडली. वरपासून खालपर्यंत चौकटी एकेक करून चालल्या. या वेळी लाल अक्षर एकही नाही.

शेवटच्या चौकटीखाली तक्ता आला.

पळसबोडी: ४.

निनादनं यादी पुन्हा वाचली. खोली मोडली, पुन्हा उभी केली.

पळसबोडी: ४.

“यादीत काहीतरी राहिलंय,” तो म्हणाला. त्यानं बॅगेतून स्वतःचा लॅपटॉप काढला, झाकण उघडलं आणि बाईंकडे वळवला. “हे बघा.”

पळसबोडी: २२.

बाईंनी चष्मा सारखा केला.

“ही वही किती दिवस उघडी आहे?”

“फेब्रुवारीपासून. मी बंद करत नाही. झाकण लावतो फक्त.”

“हिची आठवण पुसून टाक आणि पहिल्या चौकटीपासून चालव.”

वही उघडी असते तेव्हा तिच्यामागे संगणकाची आठवण जागी असते. एखादी चौकट एकदा चालवली की तिनं केलेलं काम त्या आठवणीत राहतं. चौकट नंतर बदलली तरी राहतं. आठवण पुसली, की वहीत जेवढं लिहिलेलं आहे तेवढंच उरतं.

निनादला हे माहीत होतं. तो हे इतरांना शिकवत असे.

त्याचा हात माऊसपर्यंत गेला आणि थांबला.

“काय झालं?”

“काही नाही.”

“बावीस बरोबर आहे ना?”

“हो, बाई.”

“मग कशाला थांबलास?”

...

वर पंखा फिरत होता. बाईंनी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं, सावकाश प्यायल्या.

निनादनं बटण दाबलं. चौकटी वरून खाली चालत गेल्या. त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर, त्याच्या स्वतःच्या वहीत, तक्ता नव्यानं आला.

पळसबोडी: ४.

शेजारच्या दालनात कोणीतरी वर्तमानपत्राचं पान उलटलं, ते ऐकू आलं.

“एक चौकट होती,” तो शेवटी म्हणाला. आवाज खाली गेला होता. “नोंदींमध्ये गावाचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं आहे. कुठे पळसबोडी, कुठे पलसबोडी. ळ आणि ल. दोन्ही एकच, असं सांगणारी एक चौकट मी फेब्रुवारीत लिहिली. चालवली. आणि मग पुसून टाकली.”

“का?”

“वही मोठी दिसत होती. एका परिषदेत दाखवायची होती मला. नीटनेटकी हवी होती.”

“आणि आठवणीत ती राहिली.”

“माझ्याकडे राहिली. मंजूषा मॅडमकडे ती कधी गेलीच नाही. तिथे ‘ल’ लिहिलेल्या पलसबोडीला कुठलंच केंद्र सापडलं नाही. त्या सगळ्या नोंदी गळून पडल्या.”

बाईंनी भांडं तांब्यावर पालथं घातलं.

“अजून एक आहे,” निनाद म्हणाला.

बाई त्याच्याकडे वळल्या.

“त्यांनी मला मेमध्येच लिहिलं होतं. ‘सर, पळसबोडीला आलेला आकडा कमी वाटतो. तिकडे दरवर्षी बरेच जण येतात.’ मी उत्तर दिलं, ‘माझ्याकडे बरोबर चालतंय. आकडे निःशंक वापरा.’ त्यांच्यासमोर चार होते, माझ्यासमोर बावीस. मी विचारलंच नाही... त्यांना किती दिसतायत ते.”

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

“एवढंसं विचारायचं होतं, बाई.”

बाई उठल्या. खिडकी लावली, दुसरी उघडली. उन्हाची तिरीप त्याच्या डोळ्यांवर येत होती, ती गेली.

“घरी जा,” त्या म्हणाल्या. “आईला भेट. उद्या नऊ वाजता ये.”

दुसऱ्या दिवशी तो पावणेनऊलाच दारात उभा होता.

दिवसभर तो काम करत बसला. कंटेनरच्या खोलीत वही उघडली आणि पुसलेली चौकट पुन्हा लिहिली. मग आठ वर्षांच्या नोंदींतलं एकेक गाव तपासत गेला. कुठे मात्रा सुटलेली, कुठे श चा स झालेला. जुळवून त्यानं गावांच्या नावांचा तक्ता केला, दोनशे अकरा ओळींचा. मान दुखायला लागली होती.

पाच वाजता बाई वाचनालयाचं दार लावायला निघाल्या. त्याच्या टेबलाशी आल्या, वाकल्या आणि एक आज्ञा टाइप करून खोली मोडून टाकली.

“बाई...”

“काय?”

“दिवसभराचं काम होतं त्यात.”

“कुठे होतं?”

“आत.”

“आत म्हणजे कुठे?”

निनादनं रिकाम्या स्क्रीनकडे पाहिलं. खोली मोडली की आत लिहिलेलं सगळं तिच्याबरोबर जातं, हेही त्याला माहीत होतं. कालच त्यानं बाईंना कंटेनर समजावून दिला होता.

घरी जाताना तो चिडलेला होता. आईनं विचारलं तेव्हा म्हणाला, काही नाही. जेवताना मात्र मधेच थांबला आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेनानं दोन चौकोन काढले. एक खोलीचा. एक तिच्या बाहेरच्या कपाटाचा.

दुसऱ्या दिवशी त्यानं तेच केलं. वही, नोंदी आणि गावांचा तक्ता बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवला आणि खोलीतून त्या फोल्डरकडे एक वाट काढली. आत बसून लिहायचं, पण लिहिलेलं बाहेर राहायचं. दोनशे अकरा ओळी पुन्हा लिहिल्या. दुसऱ्यांदा लिहिताना पहिल्या दिवशी नजरेतून सुटलेली सहा गावं सापडली.

पाच वाजता बाई आल्या. खोली मोडली.

“आता उभी कर.”

त्यानं उभी केली. सगळं जागच्या जागी होतं. वही चालू लागली आणि पाचव्या चौकटीत अडली. दुपारी एक छोटी लायब्ररी लागली होती, ती त्यानं खोलीत हातानं बसवली होती. यादीत लिहिली नव्हती.

“लिहिणारच होतो,” तो म्हणाला.

“हं,” बाई म्हणाल्या आणि कुलूप शोधायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी साडेचार वाजता निनादनं स्वतःच खोली मोडली. उठला, नळावर जाऊन तोंड धुतलं, दोन मिनिटं दारात उभा राहिला. परत येऊन खोली उभी केली.

पळसबोडी: २२.

पुन्हा मोडली. पुन्हा उभी केली. बावीस. तिसऱ्यांदा मोडताना त्याला हसू आलं. गेल्या सहा महिन्यांत त्या लॅपटॉपचं झाकण लावतानासुद्धा तो जपून लावत असे.

“पेन ड्राइव्हवर घे,” बाई मागून म्हणाल्या. “सोनपारला नेट असतं, नसतं.”

“बाई, तुम्ही चला ना बरोबर.”

“मी कशाला? मंजूषा मला ओळखत नाही.”

“मला ओळखतात, तेच जड जातंय.”

“ते तुझं तुला न्यायचंय,” बाई म्हणाल्या.

सोनपारच्या रुग्णालयात औषधांचं भांडार मागच्या बाजूला आहे. एक मोठा फ्रिज, लोखंडी फडताळं, खिडकीशी संगणक. मंजूषा गेडाम रजिस्टरमध्ये काहीतरी उतरवत होत्या. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले. समोर एकच खुर्ची होती आणि तिच्यावर सलाइनचं खोकं.

त्यांनी निनादला बसा म्हटलं नाही.

“सर, मी तुम्हाला लिहिलं होतं.”

“हो. मी ते वाचलं नाही.”

“वाचलं होतं. उत्तर आलं होतं तुमचं.”

“उत्तर दिलं होतं, मॅडम. वाचलं नव्हतं.”

मंजूषांनी पेन खाली ठेवलं.

“वही चुकली होती,” निनाद म्हणाला. “तुमचं काहीच चुकलं नाही. माझ्या मशीनच्या आठवणीत जे होतं, ते मी वहीत ठेवलंच नव्हतं. तुम्हाला पाठवलं ते अर्धवट होतं. आणि तुम्ही नेमकं तेच विचारलं होतं.”

...

“मला दीड महिना वाटत होतं,” मंजूषा म्हणाल्या, “की बटण माझ्याच हातून चुकीचं दाबलं गेलं.”

“नाही.”

“सीताबाईंना गाडीतून उतरवलं तेव्हा मी इथेच होती. मी स्वतः कुप्या घेऊन धावली.”

निनादनं मान खाली घातली.

मंजूषा उठल्या. खुर्चीवरचं खोकं उचलून खाली ठेवलं.

“बसा.”

पेन ड्राइव्हवरून सगळं उतरवायला वेळ लागला. संगणक जुना होता. तेवढ्यात दोन रुग्ण औषध घेऊन गेले. मग खोली उभी राहिली आणि तिच्यात वही उघडली. निनादनं माऊस मंजूषांकडे सरकवला.

“तुम्ही चालवा.”

“माझ्याकडून काही बिघडलं तर?”

“बिघडवा. मोडून टाका. ही आज्ञा टाइप करा.”

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग एका बोटानं अक्षरं शोधत आज्ञा लिहिली. स्क्रीनवरून वही नाहीशी झाली. मंजूषांनी बोट चटकन कीबोर्डवरून उचललं.

“आता ही दुसरी.”

खोली परत आली. वही परत आली. त्यांनी बटण दाबलं.

पळसबोडी: २२.

“आता बरोबर वाटते,” मंजूषा म्हणाल्या. आणि मग तक्त्याकडे बघत राहिल्या. “...पण पूर्ण नाही वाटत.”

“काय?”

“यात गाडीवाल्यांच्या नोंदी आहेत का? रुग्णवाहिकेच्या?”

“आहेत.”

“ते लोक पळसबुडी लिहितात. काहून कोण जाणे. बुडी.”

गावांच्या नावांचा तक्ता उघडला. पळसबोडी होतं, पलसबोडी होतं. पळसबुडी नव्हतं. निनादनं ते नाव नोंदींमध्ये पाहिलं होतं, पण वेगळं गाव म्हणून सोडून दिलं होतं.

त्याचा हात माऊसकडे गेला. अर्ध्यातून त्यानं तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

“इथे एक ओळ वाढवा,” तो म्हणाला. “वरच्या ओळीसारखीच.”

मंजूषांनी ओळ लिहिली. एक स्वल्पविराम सुटला. लाल अक्षरं आली. त्यांनी निनादकडे पाहिलं, त्याचे हात मांडीवरच होते. त्यांनी ओळ पुन्हा वाचली, स्वल्पविराम घातला, वही वरपासून चालवली.

पळसबोडी: २७.

“म्हणजे तुमचे बावीसही...” मंजूषा म्हणाल्या आणि थांबल्या.

“हो,” निनाद म्हणाला. “तेही नव्हतेच बरोबर.”

हे बोलताना त्याला वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही. तो खुर्चीत नीट टेकून बसला.

दुपारी औषधाची गाडी पळसबोडीला निघाली. कुप्यांची थंड पेटी मांडीवर घेऊन निनाद मागे बसला.

शाळेच्या स्वयंपाकखोलीत सीताबाई मडावी मोठ्या पातेल्यातली खिचडी ढवळत होत्या. नऊ दिवस घशात नळी होती, त्यामुळे आवाज अजून घोगरा होता.

“डॉक्टर का जी तुम्ही?”

“नाही. मी संगणकावर काम करतो. कोणत्या केंद्रात औषध किती ठेवायचं, ते सांगणारी वही माझी होती. तिच्यात तुमचं गाव चुकलं. म्हणून त्या दिवशी इथे औषध कमी पडलं.”

सीताबाईंनी पळी थांबवली नाही.

“कसं चुकलं?”

“कागदांवर तुमच्या गावाचं नाव वेगवेगळं लिहिलं होतं. वहीला वाटलं, गावंच वेगवेगळी आहेत. एक ठेवलं, बाकीची गळाली.”

“म्हणजे त्या गळालेल्या गावात मी होती म्हणायची.”

“हो.”

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. मग त्याच्याकडे पाहिलं. राग होता की नव्हता, ते निनादला कळलं नाही.

“हे सांगायला आला तू इथवर?”

“हो.”

“आता लावलं का नीट?”

“लावलं. मंजूषा मॅडमनी आणखी एक नाव शोधलं. ते मला सापडलं नव्हतं.”

“मंजूषाबाई हुशारच आहे,” सीताबाई म्हणाल्या. “जेवून जा. पोरं बसतात आता.”

तो मुलांच्या पंगतीत बसून जेवला. खिचडी तिखट होती. दोनदा मागून घेतली.

पुण्याला जाण्याआधी त्यानं उरलेल्या सहा केंद्रांच्या नोंदी मंजूषांबरोबर बसून तपासल्या. आणखी चार गावांची नावं निघाली. शेजारच्या तालुक्यातल्या दोन औषधनिर्माण अधिकाऱ्यांनीही तोच पेन ड्राइव्ह नेला. त्यांना कसं चालवायचं ते मंजूषांनीच दाखवलं.

ऑक्टोबरच्या शेवटी, धान कापणीला आलं होतं तेव्हा, निनाद गावी आला. दुपारी वाचनालयात गेला. बाई एका आजोबांना मेल कशी पाठवायची ते दाखवत होत्या. ते गेल्यावर तो समोर बसला.

“कसं चाललंय?” बाईंनी विचारलं.

“पळसबोडीला सप्टेंबरपासून तीन दंश झाले. तिघांनाही तिथल्या तिथे पूर्ण औषध मिळालं. तिघंही बरे होऊन घरी गेले.”

“छान.”

“हे मला उशिरा कळलं, बाई. नऊ आठवडे सोनपारहून एकही फोन नाही, मेल नाही. मला वाटलं, वही बंद पडली असणार, मला सांगायला संकोचत असतील. शेवटी मीच फोन केला.”

“मग?”

“मंजूषा मॅडम म्हणाल्या, ‘दर सोमवारी चालवते की सर. मध्ये संगणक बदलला, नव्यावर उभी केली. दोन चौकटी मी वाढवल्यात. आता ठेवते, माल आलाय, उतरवून घ्यायचाय.’ आणि ठेवला.”

बाईंनी खुर्ची जवळ ओढली.

“तुझी आठवण नाही काढली?”

“नाही.”

“वाईट वाटलं?”

निनादनं खरं सांगायचं ठरवलं.

“थोडं.”

...

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

“तुझ्या आठवणीवाचून चालतंय तिथे. म्हणजे पोचलास तू,” त्या म्हणाल्या.